मुंबईचे आर्चबिशपपद आणि त्याच्या वारसाचा प्रश्न

ज्या धर्मसंस्थेत पुरोहिताने अविवाहित राहावे असा दंडक आहे, तिथे पदाचा वारस घरात जन्मत नाही, तो कोणीतरी नेमावा लागतो. त्यामुळे तिथला वारसाचा वाद बहुधा नेमणुकीचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाभोवती फिरतो. महाराष्ट्रातील जोशी, कुलकर्णी, गुरव यांच्या वतनांचे तंटे भाऊबंदकीतून उद्भवत आणि त्यांचा निवाडा वंशावळी, महजर आणि सनदा पाहून होई. मुंबईच्या कॅथलिक चर्चमधील तंट्यांतही कागदांचा ढीग काही लहान नव्हता, मात्र त्या कागदांवर पोप, पोर्तुगालचे राजे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी यांच्या सह्या असत. या बेटावरील आणि साष्टी-वसईच्या पट्ट्यातील ख्रिस्ती प्रजेचा प्रमुख पाळक कोणी नेमायचा, हा प्रश्न सतराव्या शतकात उपस्थित झाला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिटला नाही. तो मिटला तेव्हाही केवळ करार पुरेसा ठरला नाही. पदावर बसलेल्या माणसाला पद रिकामे होण्याआधीच स्वतःला बाजूला सारावे लागले.

या वादाच्या मुळाशी ‘पाद्रोआदो’ नावाची व्यवस्था होती. पाद्रोआदो म्हणजे आश्रयदात्याचा हक्क. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत पोपनी पोर्तुगालच्या राजाला असा अधिकार दिला की, पूर्वेकडील प्रदेशांत चर्च बांधणे, मिशनरी पाठवणे आणि त्यांचा खर्च चालवणे ही जबाबदारी राजाने उचलावी आणि त्या बदल्यात तिथल्या बिशपपदासाठी नाव सुचवण्याचा हक्क राजाला असावा. १५३४ मध्ये गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला, त्याच वर्षी वसईच्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगिजांकडे आली, आणि या साऱ्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती लोक गोव्याच्या बिशपच्या, पुढे आर्चबिशपच्या, अधिकाराखाली गेले. राजाची सत्ता जिथे पोहोचत होती तिथे ही व्यवस्था चालण्यासारखी होती. अडचण अशी झाली की हक्क कागदावर अवघ्या पूर्वेचा होता आणि सत्ता मात्र किनाऱ्यावरच्या काही पट्ट्यांपुरती होती. विजापूर किंवा मोगलांच्या मुलखात धर्मकार्य करायचे तर पोर्तुगालच्या राजाने नेमलेला माणूस तिथे चालत नसे आणि दुसऱ्या कोणी नेमलेला माणूस राजाला चालत नसे.

यावर तोडगा म्हणून रोमने १६२२ मध्ये ‘प्रोपगांडा फिदे’ हे धर्मप्रसाराचे मध्यवर्ती खाते उघडले. या खात्यामार्फत पोप स्वतः बिशप पाठवी. राजाच्या हक्काशी थेट टक्कर नको म्हणून त्या बिशपला भारतातील कुठल्याही धर्मप्रांताची पदवी न देता जुन्या, लयाला गेलेल्या एखाद्या धर्मप्रांताचे नाव देई आणि त्याला ‘व्हिकर अपोस्टॉलिक’, म्हणजे पोपचा प्रतिनिधी म्हणून काम पाहणारा बिशप, असे संबोधी. मुंबईचे बिशपपद आपली परंपरा ज्या व्हिकरपदापासून मोजते त्यावर १६३७ मध्ये पहिली नेमणूक झाली ती मातेउस दे कास्त्रो यांची. ते गोव्याजवळच्या दिवाडी बेटावरचे, ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातले. गोव्यात त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा नाकारली गेली, म्हणून त्यांनी रोम गाठले, तिथे शिक्षण घेऊन दीक्षा मिळवली आणि परतल्यावर गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांची कागदपत्रे मानली नाहीत तेव्हा पुन्हा रोमला जाऊन ते थेट बिशप होऊन आले. पोर्तुगीज हद्दीत त्यांना थारा नव्हता. आदिलशाही मुलखातील डिचोलीला राहून त्यांनी काम केले आणि स्थानिक तरुणांना दीक्षा दिली. एकाच प्रजेवर दोन धर्मसत्ता हक्क सांगतात तेव्हा काय घडते याचा अंदाज येथेच येतो. कास्त्रोंच्या मागून याच, म्हणजे विजापूरच्या, व्हिकरपदावर कुश्तोदियु द पिन्यु हे दुसरे गोमंतकीय आले, पण त्यानंतर हे पद युरोपीय संन्याशांकडे गेले. भारतीय माणसापासून सुरू झालेल्या या परंपरेत पुन्हा भारतीय माणूस सर्वोच्च पदावर येण्यास अडीचशेहून अधिक वर्षे लागली.

मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारान्वये इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये कंपनीकडे गेले, तरी तिथल्या चर्चमधील फ्रान्सिस्कन धर्मगुरू गोव्याच्या आर्चबिशपच्याच आज्ञेत राहिले. परक्या राजाशी निष्ठा बाळगणारे पुरोहित आपल्या बंदरात असावेत, हे कंपनीला रुचणे शक्यच नव्हते. १७२० मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून यांनी पोर्तुगीज धर्मगुरूंना बेटाबाहेर काढले आणि सुरतेकडून आलेल्या मॉरिस ऑफ सेंट तेरेसा या कार्मेलाइट संघाच्या व्हिकर अपोस्टॉलिकला बेटावरील चर्चेस सोपवली. कार्मेलाइट हा ध्यानधारणेला वाहिलेल्या संन्याशांचा संघ असून त्याचे मुंबईतील धर्मगुरू बहुतेक इटालियन होते. या नेमणुकीत धर्मशास्त्राचा संबंध फारच थोडा होता. प्रोटेस्टंट व्यापारी कंपनीचा गव्हर्नर कॅथलिक लोकांचा धर्माधिकारी बदलतो आणि रोम त्याला हरकत घेत नाही, हा प्रकार कॅथलिक कायद्याच्या अभ्यासकाला विचित्र वाटला तरी कंपनीच्या मुंबईत तो पुढे नेहमीचा झाला.

खाडीपलीकडे साष्टी आणि वसईत बदल आला तो वेगळ्या मार्गाने. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज सरदार, सैनिक आणि युरोपीय संन्यासी यांनी मोठ्या संख्येने हा मुलूख सोडला आणि त्यांच्यामागे गावोगावच्या चर्चेसची राखण स्थानिक, मुख्यतः गोमंतकीय, धर्मगुरूंकडे आली. कोणत्याही पोपने किंवा राजाने ठरवून न केलेले हे सत्तांतर होते, आणि मराठी वाचकाने त्याकडे विशेष लक्ष द्यावे असे त्यात बरेच काही आहे. वसईच्या लढाईचा इतिहास तट, सुरुंग आणि चौथाईच्या भाषेत लिहिला जातो, परंतु तिचा एक परिणाम असाही झाला की उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाचा रोजचा धर्मव्यवहार, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्यविधी, प्रथमच सर्वस्वी देशी पुरोहितांच्या हाती आला, आणि तो समाज युरोपीय पाळकांवाचून टिकूनही राहिला. ‘देशी धर्मगुरूंना अजून जबाबदारी पेलणार नाही’ हे वाक्य पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या पत्रव्यवहारात वारंवार येते. ते लिहिणाऱ्यांच्या उंबरठ्यावरच त्याचा पुरावा उलटा उभा होता.

मुंबई बेटावर मात्र गोव्याच्या बाजूने जोर कायम होता. लंडनच्या संचालकांनी चर्चेस गोव्याच्या आर्चबिशपला परत करण्याचा आदेश दिला, कार्मेलाइटांनी आणि त्यांच्या बाजूच्या लोकांनी तक्रारी केल्या, निर्णय उलटसुलट फिरले, आणि अखेर १७९४ मध्ये कंपनीने मध्यम मार्ग म्हणून वाटणीच केली. भुलेश्वरचे एस्पेरान्सा आणि माहीमचे सेंट मायकल ही चर्चेस व्हिकर अपोस्टॉलिककडे राहिली, तर दादरचे साल्व्हासांव आणि माझगावचे ग्लोरिया ही गोव्याकडे गेली. यालाच इतिहासकार ‘दुहेरी अधिकार’ म्हणतात. दोन धर्मप्रांतांच्या सीमा नकाशावर शेजारी शेजारी असणे वेगळे. इथे सीमा नकाशावर नव्हतीच, ती माणसांमधून गेली होती. कोण कोणत्या बिशपचा, हे तो कोठे राहतो यावर अवलंबून नसे. तो मूळचा कुठला आणि त्याचे घराणे कोणत्या चर्चचे, यावर ते ठरे. त्यामुळे एकाच गल्लीतील दोन शेजारी दोन भिन्न धर्माधिकाऱ्यांची प्रजा असत. वांद्र्याला सोळाव्या शतकातील सेंट अँड्र्यूज गोव्याच्या बाजूचे होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याच गावात प्रोपगांडाच्या बाजूचे सेंट पीटर्स उभे राहिले. दोहोंमधील अंतर पायी चालत जाण्याइतकेच आहे.

१८३८ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी ‘मुल्ता प्रेक्लारे’ या आज्ञापत्राने भारतातील पाद्रोआदोचा अधिकार मोठ्या प्रमाणावर संपवण्याचा प्रयत्न केला, पण गोव्याच्या धर्मगुरूंनी तो मानला नाही, आणि जे भांडण आजवर दोन अधिकाऱ्यांत होते ते थेट आज्ञाभंगाच्या पातळीवर गेले. त्याचा सर्वांत तीव्र प्रसंग १८५३ मध्ये माहीमला घडला. स्वित्झर्लंडचे कापुचिन संघाचे बिशप अनास्तासिउस हार्टमन हे त्या वेळी मुंबईचा कारभार पाहत होते. सेंट मायकल चर्चमधील एक गट गोव्याच्या बाजूला जाऊ लागला तेव्हा ते स्वतः चर्चमध्ये जाऊन बसले, आणि बाहेर जमलेल्या विरोधकांनी त्यांची वाट इतकी अडवली की बिशप आपल्याच चर्चमध्ये काही दिवस वेढ्यात सापडले. अखेर सरकारी अधिकाऱ्यांना मध्ये पडावे लागले. याच हार्टमन यांच्या काळात, १८५० मध्ये, ‘एक्झामिनर’ हे कॅथलिक साप्ताहिक सुरू झाले, आणि या वादाची बरीचशी कैफियत त्याच्या पानांवर लढली गेली. माहीमच्या प्रसंगाला अनेकदा धर्मवेडाचे उदाहरण म्हणून उद्धृत केले जाते. वस्तुतः चर्चची जागा, त्याचा निधी आणि तिथला पाळक निवडण्यात चर्चच्या जुन्या घराण्यांचे म्हणणे किती चालावे, हा व्यवहारी प्रश्न त्यात अधिक होता.

१८८६ मध्ये पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात समझोता होऊन भारतात नियमित धर्मप्रांतांची रचना झाली. मुंबई महाधर्मप्रांत झाला, म्हणजे आसपासच्या धर्मप्रांतांमध्ये ज्येष्ठ मानलेला आणि आर्चबिशपच्या अधिकाराखालील प्रांत. आणि पाद्रोआदोच्या प्रजेसाठी दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला. दुहेरी अधिकार मात्र तसाच राहिला, फक्त त्याला अधिक नीटनेटके नाव मिळाले. मुंबईची सूत्रे तेव्हा येशूसंघाकडे होती. येशूसंघ हा शिक्षणकार्यासाठी प्रसिद्ध असलेला संन्यासी संघ, आणि या प्रांतातील त्याचे लोक प्रामुख्याने जर्मन होते; १८६९ मधील सेंट झेवियर्स कॉलेज ही त्यांचीच निर्मिती. पहिले आर्चबिशप जॉर्ज पोर्टर इंग्रज होते, परंतु नंतरचे थिओडोर डाल्हॉफ आणि हर्मन युर्गन्स हे दोघेही जर्मन. एका देशाच्या संन्याशांवर संपूर्ण महाधर्मप्रांत अवलंबून ठेवण्यातला धोका १९१४ मध्ये उघड झाला. महायुद्ध सुरू होताच जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, अनेकांना स्थानबद्ध केले गेले आणि नंतर देशाबाहेर पाठवले गेले. युर्गन्स १९१६ मध्ये वारले आणि १९१९ च्या अखेरीपर्यंत त्यांच्या जागी कोणीही आले नाही. तीन वर्षे रिकाम्या राहिलेल्या या पदाने सर्वांना दाखवून दिले की, पर्यायी देशी नेतृत्व घडवण्यात झालेली दिरंगाई ही व्यवस्थेची खोल उणीव होती. त्यानंतर इंग्रज येशूसंघी आल्बन गुडियर आले आणि १९२६ मध्ये त्यांनी पद सोडले.

त्यांच्यानंतर दोन वर्षांनी, एप्रिल १९२८ मध्ये, रोम आणि पोर्तुगाल यांच्यातील नव्या कराराने मुंबईतील दुहेरी अधिकार एकदाचा संपला. पण तो संपवताना जी किंमत मोजली गेली तिने वारसाचा प्रश्न अधिकच विलक्षण केला. मुंबईचा आर्चबिशप यापुढे आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा, असे ठरले. वतनाच्या दोन तक्षिमदारांनी वहिवाट पाळीने वाटून घ्यावी, तसाच हा बंदोबस्त होता, आणि त्यात ज्या समाजासाठी पाळक नेमायचा होता त्याची पाळी कधीच येत नव्हती. हे वर्ष १९२८ होते, हे विसरता येत नाही: सायमन कमिशनवर सात सदस्य आणि त्यात भारतीय एकही नाही म्हणून त्याच वर्षी मुंबईच्या रस्त्यांवर काळे झेंडे निघाले होते. चर्चमध्येही काळ थांबलेला नव्हता. १९२३ मध्येच तिबुर्तियस रोश हे तुतिकोरिनचे बिशप झाले होते आणि आधुनिक काळात लॅटिन विधीच्या, म्हणजे रोमच्या पद्धतीने उपासना करणाऱ्या शाखेच्या, धर्मप्रांतावर आलेले ते पहिले भारतीय होते. तेरावे लिओ यांनी भारतासाठी देशी पुरोहित घडवण्याच्या हेतूने कँडी येथे काढलेले गुरुकुल, जे १९५५ मध्ये पुण्यास हलवले गेले, तेव्हा तीसहून अधिक वर्षांचे होते. मुंबईचा करार या दोन्ही गोष्टी जणू घडल्याच नाहीत अशा थाटात लिहिला गेला.

पाळीप्रमाणे पहिले आर्चबिशप पोर्तुगीज येशूसंघी जुआकिम लिमा झाले आणि १९३६ मध्ये वारले. मग पाळी ब्रिटिशांची. १९३७ मध्ये थॉमस डेस्टर रॉबर्ट्स या लिव्हरपूलमधील येशूसंघी धर्मगुरूंची नेमणूक झाली. आपल्या नियुक्तीची बातमी त्यांना प्रथम वार्ताहराकडून कळली, असे सांगितले जाते. चव्वेचाळीस वर्षांच्या या माणसाने भारत पाहिलेला नव्हता. मुंबईत आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आपली नेमणूक मुळात आपल्या राष्ट्रीयत्वामुळे झाली आहे आणि आपल्यानंतर येणाऱ्याचीही त्याच कारणाने होणार आहे. स्वतः राजीनामा द्यावा आणि भारतीय धर्मगुरूला जागा करून द्यावी, हा सरळ मार्ग त्यांना उपलब्ध नव्हता, कारण राजीनाम्याने पद रिकामे होताच कराराप्रमाणे पाळी पोर्तुगिजाची येणार होती. पद सोडले तर ते परक्याकडे जाणार आणि न सोडले तर ते परक्याकडेच राहणार, असा हा पेच होता.

त्यांनी काढलेला मार्ग समजण्यासाठी कॅथलिक कायद्यातील एक भेद ठाऊक असावा लागतो. बिशपला मदतनीस देण्याचे दोन प्रकार आहेत. ‘साहाय्यक बिशप’ हा कामात हातभार लावतो, पण मुख्य बिशपनंतर त्या जागी येण्याचा त्याला हक्क नसतो. ‘सहबिशप’ मात्र वारसाच्या हक्कासह नेमला जातो आणि मुख्य बिशपने पद सोडताच किंवा त्याचे निधन होताच आपोआप त्या जागी येतो. मुंबईत भारतीय सहबिशप नेमणे म्हणजे १९२८ चा करार उघड मोडणे झाले असते. रॉबर्ट्स यांनी साहाय्यक बिशप मागितला, आणि १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस यांची त्या पदी नियुक्ती झाली. गोमंतकीय आईवडिलांच्या पोटी कराचीत १९०० मध्ये जन्मलेले, कँडीच्या गुरुकुलात आणि रोममध्ये शिकलेले ग्रेशियस हे आर्चबिशप लिमा यांच्या कार्यालयात काम केलेले असल्याने कारभार आतून जाणत होते. मग रॉबर्ट्स यांनी प्रत्यक्ष कारभार त्यांच्या हाती दिला आणि स्वतः मुंबई सोडली. नावाने आर्चबिशप तेच राहिले, त्यामुळे पद रिकामे झाले नाही आणि पाळीचा प्रश्न उद्भवला नाही. प्रत्यक्षात मात्र मुंबईच्या ख्रिस्ती समाजाला चार वर्षे भारतीय बिशपच्या हाताखाली राहण्याची सवय झाली, आणि तो बिशप काय करू शकतो याबद्दल रोममध्ये शंका घेण्यास फारशी जागा उरली नाही.

या युक्तीचे श्रेय एकट्या रॉबर्ट्स यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. मध्ये १९४७ आले; स्वतंत्र भारतातील एका मोठ्या शहराचा आर्चबिशप निवडण्यात लिस्बनचा हात असावा, हे नव्या सरकारला मान्य होण्यासारखे नव्हते, आणि ब्रिटिश आर्चबिशपच्या पाळीला तर आता काही अर्थच उरला नव्हता. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने आपल्या वसाहतींबाहेरील भारतातले हक्क रोमशी करार करून सोडले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रॉबर्ट्स यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले; १९५३ च्या जानेवारीत ते भारताचे पहिले कार्डिनल, म्हणजे पोपची निवड करणाऱ्या मंडळाचे सदस्य, झाले. करार झाला नसता तर रॉबर्ट्स यांची अनुपस्थिती अधांतरीच राहिली असती. तरीही करार झाल्यानंतर वारस शोधावा लागला नाही, वाद झाला नाही, पद रिकामे राहिले नाही, आणि याचे कारण १९४६ मधील निर्णयात आहे. अनेक धर्मप्रांतांत भारतीय बिशप आले ते युरोपीय बिशप वारल्यानंतर किंवा थकल्यानंतर. इथे पद सोडणारा माणूस त्रेपन्नाव्या वर्षी, धडधाकट असताना, निघून गेला होता.

त्याच्या पुढच्या आयुष्याकडे या विषयावर लिहिणारे सहसा पाहत नाहीत. उत्तराधिकारी तयार करण्याची चर्चा पुष्कळ होते. जाणाऱ्याचे काय करायचे, याचा विचार रोमनेही केलेला दिसत नाही. रॉबर्ट्स यांना दुसरा धर्मप्रांत मिळाला नाही. एका लुप्त धर्मप्रांताची नाममात्र पदवी घेऊन, म्हणजे जुन्या व्हिकर अपोस्टॉलिकांना दिली जाई तशीच पदवी घेऊन, ते इंग्लंडमध्ये राहिले, १९५४ मध्ये त्यांनी चर्चमधील सत्तेचा वापर आणि गैरवापर यांवर पुस्तक लिहिले, अण्वस्त्रांविरुद्ध बोलले, आणि १९६२ ते १९६५ मधील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला उपस्थित राहूनही तिच्या सभागृहात त्यांना बोलण्याची संधी मिळाली नाही. ते १९७६ मध्ये वारले.

तेव्हा ग्रेशियस अजून पदावर होते. त्यांची कारकीर्द मोठी खरी; १९६४ मध्ये मुंबईत भरलेली युकॅरिस्टिक काँग्रेस आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल यांचे झालेले आगमन ही तिची सर्वांत दृश्य खूण आहे. तथापि रॉबर्ट्स यांचा धडा त्यांनी स्वतःपुरता गिरवला, असे म्हणता येत नाही. व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६६ मध्ये, बिशपांनी वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी राजीनामा सादर करावा अशी विनंती सहाव्या पॉल यांनी केली होती, आणि ग्रेशियस पंचाहत्तरी ओलांडूनही आर्चबिशपच राहिले. वारसाची सोय झाली ती १९७७ मध्ये, सायमन पिमेंटा यांची सहबिशप म्हणून नेमणूक होऊन. रॉबर्ट्स यांना जो प्रकार करारामुळे वापरता आला नव्हता तोच आता कोणत्याही अडथळ्याविना वापरला गेला. ११ सप्टेंबर १९७८ रोजी ग्रेशियस यांचे निधन झाले आणि त्याच दिवशी पिमेंटा आर्चबिशप झाले. ते साष्टीतील मरोळ गावचे, म्हणजे १७३९ नंतर ज्या गावांची चर्चेस देशी धर्मगुरूंनी सांभाळली त्याच मुलखातले होते. पिमेंटांनंतर १९९६ मध्ये इव्हान डायस आले. मध्यंतरी, १९९८ मध्ये, वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि तिथे उपासना आणि धर्मशिक्षण यांत मराठीला मुंबईपेक्षा कितीतरी मोठे स्थान मिळाले. २००६ मध्ये डायस यांना रोमला बोलावून ज्या खात्याचे प्रमुखपद दिले गेले ते १६२२ मध्ये स्थापन झालेले प्रोपगांडाचेच खाते होते, फक्त नाव बदललेले. त्यांच्या जागी ओस्वाल्ड ग्रेशियस आले, आणि त्यांचा राजीनामा २५ जानेवारी २०२५ रोजी स्वीकारला गेला तेव्हा जॉन रॉड्रिग्ज हे सुमारे दोन महिने आधीच सहबिशप म्हणून नेमलेले असल्याने त्याच दिवशी आर्चबिशप झाले.